तीस ग्रॅमचा नाश्ता

खोली दाखवायच्या आधी माझ्या घरमालकांनी मला माझं वजन विचारलं. वरच्या खोलीला बाहेरून लोखंडी जिना होता आणि त्याची पायरी न् पायरी त्यांनी तपासून ठेवली होती. ऐंशी किलोपर्यंत चालतो, म्हणाले. मी अडुसष्ट सांगितलं. त्यांनी माझ्या हातातल्या बॅगेकडे पाहिलं आणि विचारलं, "हे धरून का सोडून?"

मी तेव्हा सौसरहून पांढुर्ण्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून आले होते. उपाशीपोटीची रक्तं सकाळी सातपासून घ्यावी लागतात आणि सौसरची बस त्या वेळेला पोचेलच याची खात्री नसते, म्हणून खोली. नवरा आणि सासू सौसरलाच. एक रविवार सोडून एक मी घरी जायची. अशी तीन वर्षं मी त्या जिन्यावरून वर-खाली केली.

काका, म्हणजे माझे घरमालक, वजनमाप खात्यात निरीक्षक होते. आमच्याकडे नापतौल म्हणतात. पस्तीस वर्षं त्यांनी लोधीखेडा, बोरगाव, तिगावचे बाजार फिरून दुकानदारांचे काटे तपासले आणि बाटांवर, म्हणजे तोलायच्या वजनांवर, ठप्पे मारले. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी ते बाजारात दिसले की भाजीवाल्या तराजूच्या पारड्याला चिकटलेला पाला काढून टाकत. धाकाने त्यांना सगळे थोडं जास्तच तोलून देत. ते घरी येऊन पुन्हा तोलत आणि जास्तीचं परत नेऊन देत. दोन वांगी परत करायला भर उन्हात बाजारापर्यंत गेलेला हा माणूस मी पाहिला आहे. भाजीवाली म्हणाली, राहू द्या साहेब, घरच्याच वावरातली आहेत. "जास्त देणं बी गलतच," असं म्हणून त्यांनी वांगी तिच्या ढिगावर ठेवली.

नोकरीत असताना त्यांनी कुणाच्या दुकानात चहा घेतला नव्हता. पान नाही, दिवाळीची मिठाई नाही. मुलीच्या लग्नात व्यापाऱ्यांकडून आलेली भांडी दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून घरोघर परत केली होती, असं शेजारची बाई सांगायची. ती हे हसत सांगायची, पण हसण्यात कौतुक नव्हतं. पस्तीस वर्षांत लोकांची त्यांना चहाला विचारायची सवय गेली आणि निवृत्तीनंतर ती काही परत आली नाही. संध्याकाळी त्यांच्या वयाची माणसं दुकानांच्या ओट्यांवर बसलेली असत. हे त्यांच्या समोरून जात, नमस्कार घेत, स्टेशनपर्यंत जाऊन त्याच रस्त्याने परत येत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला, नोकरी करणारी, एका मुलाची आई.

मला या सगळ्याचं वाईट वगैरे वाटलं नाही. पाणी चोवीस तास होतं, खोलीला ऊन यायचं, आणि घरमालक कटकट करत नव्हते. मला तेवढं पुरेसं होतं.

त्यांचा नाश्ता मी पहिल्यांदा पाहिला तो एका रविवारी, किल्ली द्यायला खाली गेले तेव्हा. टेबलावर सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा. त्यावर स्टीलची वाटी. काका डब्ब्यातून मक्याचे सोनेरी पोहे वाटीत टाकत होते. शेवटी शेवटी चिमटीने. काटा एकतीस दाखवायला लागला तेव्हा त्यांनी दोन पापुद्रे काढून परत डब्ब्यात टाकले.

"तीस ग्रॅम लिहून हाये," ते म्हणाले. "एका वेळचं."

हे डब्बे पुण्याहून यायचे. मुलगी दर महिन्याला ऑनलाइन मागवून पाठवायची. कधी मध आणि बदाम घातलेले कॉर्नफ्लेक्स, कधी सुक्या फळांची मुसली. बाबा एकटे आहेत, सकाळी उठून पोहे कोण करणार, तेलाचं खाण्यापेक्षा हे बरं, असा तिचा विचार. त्यात चुकीचं काही नव्हतं. डब्ब्यावर धावणारं कुटुंब होतं, हृदयाचं चित्र होतं आणि मधाची धार होती. काका तो डब्बा देवाच्या पुस्तकासारखा दोन्ही हातांनी उचलत.

तीन महिन्यांची साखर पाहायची म्हणून त्यांनी एकदा माझ्याकडे रक्त दिलं. मधुमेह जुना होता, गोळी चालू होती. रिपोर्ट चांगला आला नाही. मागच्या वेळेपेक्षा बरीच वाढ होती. मी विचारलं, गोड खाता का? नाही. भात? एक वेळ, तोही मोजून. चहा बिनसाखरेचा. मग टाचेवर एक जखम दाखवली, चपलेने घासलेली. दीड महिना झाला होता आणि ती भरत नव्हती. असल्या जखमा मी लॅबमध्ये रोज पाहते. पुढे काय होतं तेही पाहिलेलं आहे. म्हणून मी खाली जाऊन त्यांच्या स्वयंपाकघराची झडती घेतली.

"काका, हे तुम्ही दिवसातून किती वेळा खाता?"

सकाळी सातला तीस ग्रॅम. पण तीस ग्रॅमने पोट भरत नाही, म्हणून साडेआठला आणखी तीस. दहाला तीस. कधी बाराला. प्रत्येक वेळी काट्यावर तोलून. एका वेळचं तीस लिहिलं आहे, ते त्यांनी कधी ओलांडलं नव्हतं. किती वेळा, ते कुठे लिहिलेलं नाही.

मी डब्ब्याची बाजू फिरवून त्यांच्यासमोर धरली आणि विचारलं, हे वाचलंत का? त्यांनी चष्मा लावला. डब्ब्याची ती बाजू त्यांनी तोपर्यंत कधीच वाचली नव्हती. चार वर्षं. निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता, हे चार कोपरे ते प्रत्येक डब्ब्यावर तपासत होते. डब्बा आला की आतली पिशवी तोलत होते आणि वजन नेहमी बरोबर भरत होतं. एखाद ग्रॅम वरच. वजन खरं म्हणजे माल खरा, एवढं त्यांच्यासाठी पुरे होतं. आत काय आहे हे पाहणं त्यांच्या खात्याचं काम नव्हतं. ते खाद्यवाल्यांचं. हे त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं.

मी बारीक अक्षरं वाचून दाखवली. जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहितात. पहिला मका. दुसरी साखर. मध बराच खाली, मिठाच्या जवळ. काकांनी डब्बा माझ्या हातातून घेतला, पेपर पसरला आणि सगळा डब्बा त्यावर ओतला. मग संध्याकाळपर्यंत बसून बदामाचे काप वेगळे केले आणि तोलले. वाटीचा तळही झाकला नाही. पण डब्ब्यावर बदाम किती ते जितकं लिहिलं होतं, तितकंच भरलं.

"वजन तर सही हाये," ते म्हणाले. मग डब्बा पुन्हा फिरवून पाहिला. "कुठंच खोटं नाही लिहून, मॅडम. काहीच नाही."

माणूस मोजल्याशिवाय मानणार नाही हे मला कळलं होतं. मग आम्ही तीन दिवस धरले. पहिल्या दिवशी डब्ब्यातले नव्वद ग्रॅम, दुधासोबत. दुसऱ्या दिवशी फोडणीचे पोहे. तिसऱ्या दिवशी ज्वारीची भाकर आणि मुगाची भाजी. प्रत्येक वेळी खाऊन दोन तासांनी ते लॅबमध्ये येऊन हात पुढे करायचे, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. डब्बा दोनशे शेहेचाळीस. पोहे दोनशे सात. भाकर एकशे अठ्ठावन्न. एका माणसाच्या तीन दिवसांवरून जगाला काही सिद्ध करून देता येत नाही, हे मी लॅबमध्ये काम करते म्हणून मला माहीत आहे. धावपळ करणाऱ्या, साखर नसलेल्या माणसाने वाटीभर खाल्लं तर त्याचं काही बिघडत नसेल. सगळेच डब्बे सारखे नसतात, बिनसाखरेचेही मिळतात. पण टाचेला जखम घेऊन बसलेल्या काकांना हा डब्बा चालणार नव्हता. मी तसं सांगितलं. मुलीला सांगा, पाठवू नको म्हणावं.

त्यांनी फडक्याने काटा पुसला. मग म्हणाले,

"डब्बे बंद झाले तं पोरगी मले काय विचारन?"

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी रविवारचा फोन सांगितला. नऊ वाजता यायचा. खाल्लं का बाबा? कोणतं, मधाचं का फळांचं? किती उरलं? पुढच्या महिन्यात कोणतं पाठवू? काका उरलेलं ग्रॅममध्ये सांगायचे, ती हसायची. अकरा मिनिटं. कधी बारा. दुसरा विषय दोघांनाही सुचायचा नाही. आई होती तेव्हा फोन आईच घ्यायची, शेवटी म्हणायची की बाबा बरे आहेत.

मला हे पोरकट वाटलं. पाय जायची वेळ आली आणि हे फोनची मिनिटं मोजतात. भाडेकराराच्या कागदावर मुलीचा नंबर होता. मी दुपारी तिला फोन करून सगळं सांगितलं, जखमेसकट. ती घाबरली. चांगली मुलगी होती. माझे खूप आभार मानले. डब्बे त्याच दिवशी बंद केले आणि पाचव्या दिवशी साखर मोजायची नवी मशीन आली. बोटाला टोचलं की आकडा मशीनवर दिसतो आणि काकांच्या मोबाइलवरून आपोआप पुण्याला तिच्या मोबाइलवर जातो.

दोन महिन्यांत साखर उतरली. शेजारची बाई भाकरी टाकून द्यायला लागली. त्यासाठी काका तिला ज्वारी आणून देत आणि तिच्याकडचं पीठ तोलत, ती वैतागे, पण द्यायची. टाच कोरडी झाली. मी खूश होते. हे काम माझं होतं आणि ते झालं होतं.

फोन मात्र दोन मिनिटांवर आला. विचारायला काही राहिलंच नव्हतं, आकडा तिच्याकडे आधीच पोचलेला असायचा. छान चाललंय बाबा, असंच ठेवा. पुढे एक रविवार सोडून एक यायला लागला. मग काही रविवारी फोनऐवजी मोबाइलवर अंगठा यायचा. काकांनी तो मला दाखवला आणि विचारलं, याले उत्तर द्या लागते का? मी म्हटलं, तुम्हीही अंगठा पाठवा. त्यांनी पाठवला. त्यानंतर मोबाइल टेबलावर ठेवून ते त्याच्याकडे तोंड करून बसले, आणि मी जिना चढून वर गेले. माझे कपडे बादलीत भिजत होते.

हिवाळ्यात एका रविवारी खालून मुलीचा आवाज आला, फोन स्पीकरवर होता. ती रागावली होती. दोनशे एकसष्ट कसे आले बाबा? काय खाल्लंत? कुणी दिलं? तुम्हाला कळत कसं नाही? खूप वेळ चाललं. मी जिन्यात थांबले. काका काही सबब सांगत नव्हते, फक्त हो म्हणत होते. खिडकीतून दिसले. शाळेतला मुलगा बसतो तसे हात मांडीवर ठेवून बसले होते आणि चेहरा अगदी समाधानी होता.

त्याच्या पुढच्या रविवारी मी घरी गेले होते. परत आल्यावर शेजारच्या बाईने सांगितलं, आजही सकाळी पोरगी खूप भांडली फोनवर. सोमवारी मी किराणा दुकानात साबण घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, तुमचे साहेब डब्बा नेऊन राहिले आजकाल, तो मध-बदामवाला. पस्तीस वर्षं दुकानात पाय ठेवला तो काटा पाहायला, आता गिऱ्हाईक झाले.

मी सरळ खाली गेले. डब्बा कपाटात होता, लपवलेला नव्हता. विचारल्यावर त्यांनी लगेच सांगितलं. आठवडाभर भाकर. रविवारी सकाळी डब्ब्यातले एकशे वीस ग्रॅम एकदम. दोन तास थांबायचं आणि टोचायचं. दहा मिनिटांत फोन येतो. मी टाच दाखवायला सांगितली. कडेने पुन्हा लाल झाली होती.

मी चिडले होते. पण चिडून रक्तातली साखर कमी होत नाही, म्हणून जे जमण्यासारखं होतं ते सांगितलं. आमच्याकडे संत्र्याचा माल सुरू झाला की मंडीतले हमाल, तोडणीवाल्या बाया संत्री सोलून खात खात लॅबमध्ये येतात. बोट न धुता टोचलं तर मशीन भलताच आकडा दाखवते, कारण रस बोटालाच असतो. आम्ही त्यांना साबणाने हात धुवायला लावतो आणि पुन्हा घेतो. मी काकांना म्हटलं, डब्बा खाऊ नका. रविवारी एक संत्रं सोला, खायचंही नाही, नुसतं सोला, हात धुऊ नका आणि टोचा. आकडा वाढेल, फोन येईल, पायाला काही होणार नाही. हे सांगताना मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

काका माझ्याकडे असे पाहायला लागले, जसा काही मी त्यांच्यासमोर पारड्याखाली गोटा चिकटवला होता.

"साखर वाढली नाही अन् वाढली म्हणून दाखवायची? ते खोटं माप झालं, मॅडम."

"आणि तुम्ही करता ते?"

"मी खाऊन वाढवून राहिलो. माझा आकडा खरा हाये."

मी जिना चढून वर आले. एक दिवस गेला, दोन गेले. मुलीला पहिला फोन मीच केला होता, त्यामुळे हे मी तसंच सोडून देऊ शकत नव्हते. वीस वर्षांत मी एकही खोटा रिपोर्ट दिलेला नाही. डॉक्टर म्हणाले तरी नाही, पेशंट रडले तरी नाही. तिसऱ्या दिवशी लॅबच्या मागच्या बाजूला उभी राहून मी पुण्याला फोन लावला आणि सांगितलं की तुम्ही पाठवलेल्या मशीनवर माझा भरवसा नाही, आकडे चुकतात. दुसरी मागवू नका. माझ्याकडे साधी मशीन आहे, ती मी त्यांना देते, पण तिच्यातून तुमच्याकडे काही येणार नाही. तुम्हाला त्यांनाच विचारावं लागेल. आणि आकड्यासोबत काय खाल्लं, किती खाल्लं तेही विचारत जा, नुसत्या आकड्याला अर्थ नाही. शेवटचं वाक्य तरी खरं होतं.

मुलगी म्हणाली, चालेल. मग म्हणाली, "मी जास्त विचारलं तर त्यांना आवडत नाही असं वाटायचं मला."

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. मशीन चुकते असं ज्याला सांगितलं जाईल तो माणूस वजनमाप खात्यातला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला काका लॅबमध्ये हजर. मशीन धुतलेल्या रुमालात गुंडाळलेली.

"पोरगी म्हणते, हे खराब हाये. तुमी सांगतलं म्हणे. तपासून पाहा लागते."

मी म्हटलं, मी तपासलं आहे. ते म्हणाले, माझ्यासमोर. बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. मला नाही म्हणता येईना. साबणाने हात धुवायला लावला, बोटाला टोचून त्यांच्या मशीनवर एक थेंब घेतला आणि लगेच दंडातून रक्त काढून आमच्या मोठ्या मशीनला लावलं. ते समोरच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांच्या मशीनवर एकशे चौतीस. आमच्या मशीनवर एकशे एकतीस.

म्हणजे मशीन उत्तम होती. घरगुती मशीनमध्ये याच्या कितीतरी पट जास्त फरक चालतो. मी दोन्ही आकडे त्यांच्यासमोर ठेवले आणि वाट पाहिली. खोटं पकडलं गेलं तर काय बोलायचं हे मी ठरवलं नव्हतं.

त्यांनी चष्मा लावला. एक आकडा वाचला, दुसरा वाचला. परत पहिला.

"तीनचा फरक हाये," ते म्हणाले.

मी खरंच मूर्ख आहे. मी म्हटलं, "काका, एवढा फरक चालतो."

"तुमाले चालत असन." त्यांनी कागद मागितला. मी पावतीपुस्तकातून कोरा कागद फाडून दिला. त्यांनी काउंटरवर वाकून, नोकरीत लिहीत तसं हिंदीत, 'यंत्र अमान्य' असं लिहिलं, खाली तारीख घातली आणि पूर्ण सही केली. माझ्याकडची चिकटपट्टी घेऊन तो कागद मशीनला गुंडाळला. हे सगळं करताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मीही बाकावरच्या पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

त्या रविवारी मी पांढुर्ण्यातच होते. साध्या मशीनच्या पट्ट्या द्यायला खाली गेले तेव्हा काकांचं खाऊन आणि टोचून झालं होतं. नऊला फोन वाजला. मी दारातच थांबले.

"बाबा, किती आला?"

"एकशे एकावन्न."

"काय खाल्लं होतं?"

"भाकर. अन् मेथी."

"केवढी भाकर?"

भाकर त्यांनी सकाळी तोललेली होती. तोलल्याशिवाय ती ताटात येतच नसे आणि वजन त्यांना तोंडपाठ असायचं.

"थांब," ते म्हणाले. "पाहून सांगतो."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि उठले नाहीत. खुर्चीत तसेच बसून राहिले. मी काहीतरी बोलेन असं वाटून त्यांनी मला हाताने थांबवलं. फोनमधून तिच्या घरातले आवाज येत होते. नळ चालू होता. एक भांडं पडलं. लहान मुलाने तिला हाक मारून काहीतरी मागितलं, आणि ती त्याला म्हणाली, "जरा थांब रे, माझे बाबा आहेत फोनवर."